चौकोन सपाट बसला तरच दाणा उठतो

प्रश्न थोडक्यात असा: बहिणीला डिसेंबरात बाळ होणार आहे. त्याच्यासाठी क्रोशाचं, उठावाच्या ग्रॅनी स्क्वेअरचं (मधून बाहेर फेऱ्या विणत केलेल्या चौकोनांचं) ब्लँकेट घेतलं आहे, 6 बाय 7 असे 42 चौकोन. लोकर 4 प्लायची अ‍ॅक्रिलिक, हुक 4 मिमीचा. 11 चौकोन झाले, पण दोन चौकोन एका मापाचे नाहीत. काही वाटीसारखे वर उचलले जातात, काहींच्या कडांना लाटा येतात आणि पॉपकॉर्नचे दाणे, म्हणजे उठावाचे फुगीर टाके, पुढे यायच्या ऐवजी मागे जाऊन बसतात. सगळं उसवू, की जोडताना आणि इस्त्री केल्यावर ठीक होईल?

इस्त्रीने ठीक होणार नाही आणि जोडताना तर मुळीच नाही. पण सगळं उसवायचीही गरज नाही. अकरातले निम्मे तरी वाचतील असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. कुठले ठेवायचे आणि कुठले उसवायचे ते पुढे सांगते. आधी चूक कुठे होते आहे ते समजून घेऊ, नाहीतर उरलेल्या 31 मध्येही तीच येईल.

उठावाचं काम करताना आपलं सगळं लक्ष दाण्याकडे असतं. दाणा गोल आला का, भरीव आला का, हेच आपण बघत राहतो. मी गेली बत्तीस वर्षं हे विणते आहे, अनेकींना शिकवलं आहे, आणि दर वेळी मला एकच गोष्ट सांगावी लागते: दाण्याची फेरी सोपी आहे, अवघड आहे ती तिच्या आधीची आणि नंतरची साधी फेरी. ती मोजून, सैलसर हाताने, सपाट झाली की दाणा आपोआप वर येतो. ती चुकली की कितीही सुंदर दाणा केलात तरी तो उतारावर उभा राहतो आणि कुठेतरी कलंडतो.

आता दाणे मागे का जातात. तुम्ही लिहिलं आहे की एकाच घरात (खालच्या फेरीच्या एका टाक्यात) पाच खांब (हुकवर धाग्याचा एक वेढा घेऊन केलेले उंच टाके) अर्धवट ठेवता, हुकवर सहा टाके जमले की सगळ्यांतून धागा एकदम ओढता. हा पॉपकॉर्न नव्हे, बॉबल आहे. नावं इतकी मिसळून वापरली जातात की दोष तुमचा नाही. पण दोघांचा स्वभाव वेगळा. बॉबलचं पोट विणणाऱ्याच्या पलीकडे फुगतं, म्हणजे तुम्ही सुलट बाजूने विणत असाल तर ते मागेच जाणार. बोटाने ढकलून पुढे आणता येतं, पण पहिल्या धुण्यात ते आपल्या जागी परत जातं. बॉबल करायचाच तर कापडाची उलट बाजू आपल्याकडे असताना करावा.

पॉपकॉर्नचं वेगळं. पाच खांब पूर्ण करायचे, पाचही एकाच घरात. मग हुकवरचा टाका जरा मोठा करून हुक बाहेर काढायचा. पाचांतल्या पहिल्या खांबाच्या डोक्यात तो पुढून मागे घालायचा, सोडलेला टाका पकडून त्यातून ओढून घ्यायचा आणि वर एक साखळी घालून (हुकवरच्या टाक्यातून धागा एकदा ओढून) दाणा बंद करायचा. हुक पुढून मागे घातला म्हणून दाणा आपल्याकडे येतो. तोच मागून पुढे घातला असता तर पलीकडे गेला असता. माझ्या मते बाळाच्या ब्लँकेटला पॉपकॉर्नच योग्य: पाचही खांब पूर्ण असल्यामुळे तो धुण्यात चपटत नाही. पफ हा दाण्याचा तिसरा प्रकार दिसायला मऊ असतो, पण लांब ओढलेल्या टाक्यांचा बनतो आणि त्या टाक्यांत बाळाची बोटं अडकतात. पफ मोठ्यांच्या शालीला ठेवा.

नावांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. आपण ज्याला खांब म्हणतो त्याला अमेरिकन पॅटर्नमध्ये डबल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटिश पॅटर्नमध्ये ट्रेबल. आपला मुका खांब (वेढा न घेता केलेला बुटका टाका) म्हणजे अमेरिकन सिंगल क्रोशे, पण ब्रिटिश डबल क्रोशे. म्हणजे 'डबल क्रोशे' हा एकच शब्द दोन देशांत दोन वेगळ्या उंचीचे टाके सांगतो. जुन्या इंग्रजी पुस्तकांतून शिकलेल्या आपल्या आया-मावश्यांचे हात बरेचदा ब्रिटिश पद्धतीवर बसलेले असतात, आणि आजचे व्हिडिओ बहुतेक अमेरिकन. पॅटर्न सुरू करण्याआधी तो कुठल्या बोलीतला आहे ते बघा. आजच्या पॅटर्नमध्ये सिंगल क्रोशे हा शब्द कुठेही आला तर तो अमेरिकन, कारण आजच्या ब्रिटिश पद्धतीत ते नाव वापरत नाहीत.

लोकरीबद्दल. अ‍ॅक्रिलिक घेतलीत ते बरंच झालं. दुकानात आपण 'लोकर' म्हणून मागतो ती बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकच असते, आणि रोज धुवायच्या वस्तूला ती सोयीची. सुती धागा हाताला गार आणि छान, पण ओला झाला की खूप जड होतो आणि जोडलेलं ब्लँकेट स्वतःच्या वजनाने खाली ओघळतं. फक्त 'प्लाय' या शब्दावर विसंबू नका. प्लाय म्हणजे किती पदर एकत्र पिळले आहेत ती संख्या, जाडी नव्हे. ब्रिटिश पॅटर्नमधली 4 प्लाय आपल्याकडे 4 प्लाय म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच लोकरींपेक्षा बारीक असते. धाग्याला कुठला हुक मानवतो ते लेबलावर बघा आणि लेबल नसेल तर चार इंचांचा नमुना विणून बघा.

रंगाचं मात्र मी आग्रहाने सांगेन. उठाव म्हणजे सावलीचं काम आहे. दाण्याच्या एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला अंधार पडतो म्हणून तो दिसतो. काळ्या, गडद निळ्या किंवा मरून लोकरीवर ती सावली पडलेलीच कळत नाही. रंग बदलत जाणारी शेडेड लोकर तर त्याहून वाईट: डोळा रंगांच्या मागे धावतो आणि तासभर बसून घातलेले दाणे कुणाला दिसत नाहीत. साय, फिकट राखाडी, हळदीचा फिका, पिस्ता, मातकट गुलाबी, असे एकरंगी धागे घ्या. शेडेड लोकर घरात पडूनच असेल तर तिचे साधे जाळीचे ग्रॅनी स्क्वेअर करा, तिथे ती खुलते. तो साधा चौकोन उरल्यासुरल्या लोकरीसाठीच जन्मलेला आहे. अमेरिकेतल्या 'प्रेअरी फार्मर' या शेतकऱ्यांच्या नियतकालिकात 1885 साली तो छापून आला होता, म्हणजे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ बायका याच चौकोनात उरलेले गुंडे संपवत आल्या आहेत.

आता चौकोन. मी ज्या पद्धतीने करते ती सगळी लिहिते, तुमच्या 4 मिमी हुकवर आणि मध्यम लोकरीवर तो साधारण 5 इंचांचा होतो. एक गोष्ट यात वेगळी वाटेल: प्रत्येक फेरी संपली की मी काम उलटवते. सतत एकाच बाजूने गोल विणलं की खांब एका दिशेला झुकतात आणि सहाव्या फेरीपर्यंत सगळा चौकोन पिळल्यासारखा दिसतो. उलटवत गेलं की एका फेरीचा झोक दुसरी फेरी काढून टाकते. आणि या चौकोनात दाण्याची तिसरी फेरी आणि उभार खांबांची पाचवी फेरी सुलट बाजूला येतात, साध्या फेऱ्या उलट बाजूला जातात. हिशोब आपोआप जमतो.

पहिली फेरी. बोटावर धाग्याचं कडं (सैल वर्तुळ) करून त्यात 3 साखळ्या, या पहिला खांब म्हणून मोजायच्या. 2 खांब, 2 साखळ्या; मग 3 खांब, 2 साखळ्या असं आणखी तीनदा. पहिल्या तीन साखळ्यांच्या डोक्यात स्लिप स्टिचने (हुक घालून धागा त्या घरातून आणि हुकवरच्या टाक्यातून एकदम ओढून) बंद करा, कडं ओढून घ्या. प्रत्येक बाजूला 3, एकूण 12 खांब. कडं इतकंही आवळू नका की मधले खांब एकमेकांवर चढतील. वाटी होण्याची सुरुवात बरेचदा इथेच होते.

काम उलटवा. उलटवल्याबरोबर शेवटी घातलेल्या दोन साखळ्यांचा कोपरा समोर येतो, त्यात एक स्लिप स्टिच घालून शिरा. दुसरी फेरी: कोपऱ्यात 3 साखळ्या आणि 1 खांब, पुढच्या तीन खांबांवर एकेक खांब, मग पुढच्या कोपऱ्यात 2 खांब, 2 साखळ्या, 2 खांब. असं चारी बाजूंनी. सुरुवातीच्या कोपऱ्यात परत आलात की तिथे 2 खांब, 2 साखळ्या घालून बंद करा. बाजूला 7 खांब.

तिसरी फेरी दाण्यांची, सुलट बाजूने. कोपरे तसेच. बाजूच्या सात घरांत: खांब, पॉपकॉर्न, खांब, पॉपकॉर्न, खांब, पॉपकॉर्न, खांब. म्हणजे बाजूला 3 दाणे, चौकोनात 12. कोपऱ्यांचे धरून बाजूला 11 टाके, आणि पॉपकॉर्न कितीही जाड असला तरी तो एकच टाका मोजायचा.

चौथी फेरी साधी, उलट बाजूने. अकरा टाक्यांवर अकरा खांब आणि कोपरे, म्हणजे बाजूला 15. ही फेरी मी सगळ्यात सावकाश विणते. दाणा बंद करताना घातलेली ती एक साखळी आठवते? बहुतेकींचा हुक दाण्याच्या डोक्यात एकदा आणि त्या साखळीत आणखी एकदा जातो. तीन दाण्यांचे तीन टाके जास्त होतात आणि 15 च्या जागी 18 भरतात. तुमच्या काही चौकोनांच्या लाटा इथून आल्या आहेत असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. दाण्याच्या डोक्यावर एकच खांब, बस.

पाचवी फेरी उभार खांबांची, सुलट बाजूने. पंधरा घरांत एक साधा खांब, एक पुढून घेतलेला खांब, असं आलटून पालटून, सुरुवात आणि शेवट साध्याने. म्हणजे बाजूला 7 उभार आणि 8 साधे, कोपऱ्यांचे चार धरून 19. पुढून घेतलेला खांब म्हणजे हुक खालच्या खांबाच्या डोक्यात न घालता, पुढून त्याच्या अंगाभोवती उजवीकडून डावीकडे फिरवून धागा काढायचा. दोन चुका इथे ठरलेल्या. पहिली: उभार खांब घेतल्यावर त्याच्या मागे लपलेलं खालच्या फेरीचं घर रिकामं दिसतं आणि आपण त्यातही खांब घालतो. ते घर सोडायचं असतं. दुसरी: उभार खांब खालून सुरू होत असल्यामुळे त्याला उंची कमी पडते आणि तो फेरीला खाली ओढतो. हात घट्ट असेल तर तिथे दोन वेढ्यांचा खांब घ्या. माझा हात घट्ट आहे, मी नेहमी दोन वेढेच घेते.

इथे धागा तोडा. सहावी फेरी मी काम न उलटवता, सुलट बाजूनेच, वेगळा धागा लावून करते, आणि सगळ्या चौकोनांना एकाच रंगाची. घराघरात मुका खांब, कोपऱ्यात 1 मुका खांब, 2 साखळ्या, 1 मुका खांब. बाजूला 21. ही फेरी दिसायला किरकोळ, पण जोडकामाचा सगळा भार हिच्यावर असतो.

हे आकडे एका कागदावर लिहून पिशवीत ठेवा: 3, 7, 11, 15, 19, 21. फेरी संपल्यावर चारी बाजू मोजायच्या, एक नाही, चारी. मोजणीला अर्धं मिनिट लागतं. आकडा कमी भरला तर आधी कोपऱ्याजवळ बघा. कोपऱ्यात चार खांब एकत्र घातले की ते शेजारच्या पहिल्या घरावर झुकतात आणि ते घर झाकलं जातं. मला शिकायला येणाऱ्या दहातल्या आठ जणी तेच घर सोडून पुढे जातात. कोपरा झाल्यावर तो अंगठ्याने जरा मागे सारा, घर दिसेल. आणि आकडा एकाने जास्त भरला तर फेरी जिथे बंद केली तिथली स्लिप स्टिच घर समजून विणली गेली आहे का ते तपासा.

आता तुमचे अकरा चौकोन. ते टेबलावर ठेवा, हाताने न ताणता. जो सगळ्यात सपाट आहे आणि ज्याचे आकडे बरोबर आहेत तो माप म्हणून बाजूला काढा. तसा एकही नसेल तर नवा एक करा. उरलेला प्रत्येक चौकोन त्यावर ठेवून बघा. पाव इंचापर्यंत फरक असेल तर शेवटची मुक्या खांबांची फेरी तेवढी उसवून, लहान चौकोनाला 4.5 मिमीच्या हुकने आणि मोठ्याला 3.5 मिमीच्या हुकने परत घाला. फरक निघून जातो. अर्धा इंच किंवा जास्त फरक असेल तर दोष आतल्या फेरीत आहे, तिथपर्यंत उसवा.

वाटी आणि लाट यांची कारणं उलटी आहेत. कडेला टाके कमी पडले किंवा हात आवळला की कडा आत खेचते आणि मधला भाग फुगतो, ती वाटी. कडेला टाके जास्त झाले की कापडाला जागा पुरत नाही आणि भाजलेल्या पापडासारख्या लाटा येतात. वाटी झालेल्या चौकोनाचे आकडे बरोबर असतील तर दोष मोजणीचा नाही, हाताचा आहे; 4.5 मिमीचा हुक घ्या आणि मग सगळे चौकोन त्याच हुकने करा. ज्या चौकोनांत बॉबल मागे गेले आहेत ते मात्र तिसऱ्या फेरीपर्यंत उसवावे लागतील. मनाला लागतं, मला कळतं. पण एका पंगतीत अर्धे दाणे पुढे आणि अर्धे मागे असले तर ब्लँकेट कायम अर्धवट वाटेल. अ‍ॅक्रिलिक एकदा-दोनदा उसवणं सहन करते, त्यापुढे धागा फुलारतो. तो गुंडा मग कडेच्या मुक्या खांबांना वापरा.

एकसारख्या मापाची गोष्ट निघाली की मला चेन्नई आठवते. 2016 च्या जानेवारीत तिथे 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाने 11,148.5 चौरस मीटरचं क्रोशाचं ब्लँकेट करून गिनेसचा विक्रम नोंदवला. किती हात, किती घट्ट-सैल हात त्यात असतील! ते एकत्र येऊ शकलं, कारण सगळ्यांनी माप एकच धरलं. आपल्या एकट्या हाताचेही सकाळचे आणि रात्रीचे चौकोन वेगळे येतात. घाईत, काळजीत, टीव्हीसमोर हात आवळतो. म्हणून तो मापाचा चौकोन शेवटपर्यंत वापरू नका, जोडू नका, पिशवीतच ठेवा आणि प्रत्येक नवा चौकोन त्यावर ठेवून बघा.

लोकर किती लागेल हेही बघून ठेवा. दाणे आणि उभार खांब धागा खातात; साध्या जाळीच्या चौकोनाच्या अंदाजाने लोकर आणली तर ती अर्ध्यात संपते. माझ्या हाताला असा एक चौकोन 15 ग्रॅमच्या आसपास जातो, म्हणजे 42 चौकोनांना 630 ग्रॅम, जोडणी आणि कडेला आणखी 120 धरा, झाले पाऊण किलो. पण माझ्या आकड्यावर जाऊ नका. तुमचे तीन चौकोन स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकत्र ठेवा, तीनने भागा आणि आजच उरलेली लोकर आणा. लेबलावर शेड नंबराबरोबर लॉट नंबर असतो, तो जुळला पाहिजे. एकाच शेडच्या दोन लॉटमध्ये इतका सूक्ष्म फरक असतो की दिव्याखाली दिसत नाही आणि उन्हात ब्लँकेट पसरलं की पट्टा उमटतो. लॉट मिळालाच नाही तर दोन्ही लॉटचे चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे मिसळून लावा. फरक मग फरक वाटत नाही.

इस्त्रीबद्दल कळकळीने सांगते. अ‍ॅक्रिलिक म्हणजे एक प्रकारचं प्लॅस्टिक आहे, तापली की वितळू लागते. माझ्या पहिल्या मोठ्या ब्लँकेटवर मी ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली होती. दाणे चपटे झाले, लोकर लुळी पडली, आणि ते परत कधी उठले नाहीत. चार महिन्यांचं काम होतं. तुम्ही असं करा: पुठ्ठ्यावर 5 इंचांचा, किंवा तुमच्या मापाच्या चौकोनाएवढा, चौकोन आखा, तो थर्माकोलवर किंवा मुलांच्या खेळायच्या फोमच्या चटईवर ठेवा. विणलेला चौकोन त्यावर पालथा न घालता, दाणे वर ठेवून, चारी कोपऱ्यांना आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर न गंजणाऱ्या टाचण्या लावा. पाण्याचा हलका फवारा मारा आणि पंख्याखाली रात्रभर वाळू द्या. याने कोपरे टोकदार होतात, कडा सरळ होतात. पण चुकीचा चौकोन याने बरोबर होत नाही. अ‍ॅक्रिलिक पहिल्या धुण्यात आपल्या मूळ आकाराकडे जाते.

टोकांचं काम साठवू नका. चौकोनात दोन धागे म्हणजे चार टोकं, 42 चौकोनांची 168. शेवटी एकदम करायला बसलं की जीव नकोसा होतो आणि मग आपण गाठी मारून कापतो, ती टोकं वापरात बाहेर येतात. टोक 6 इंच ठेवा, जाड नाकाच्या लोकरीच्या सुईत ओवून साध्या फेरीच्या खांबांच्या पायातून एकदा पुढे, एकदा मागे, परत एकदा पुढे फिरवा. दाण्याच्या पोटात टोक लपवू नका. तिथे ते धरत नाही.

जोडणी. सुलट बाजूला उभी रेघ आणणारी मुक्या खांबांची जोडणी साध्या चौकोनांना शोभते, पण इथे आधीच दाणे आहेत, वरून आणखी बांध नको. मी दोन चौकोन सुलट बाजू वर ठेवून, कडेला कडा लावून, दोन्हींच्या टाक्यांच्या डोक्यावर ज्या दोन कड्या असतात त्यांपैकी फक्त मागच्या कडीतून सुईने शिवते. पुढच्या कड्या मोकळ्या राहतात आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना साखळीसारखी बारीक रेघ उमटते. ती फार देखणी दिसते. 21 ला 21 टाके, म्हणून ओढाताण नाही. सहा चौकोनांच्या सगळ्या आडव्या ओळी आधी पूर्ण करा, मग उभ्या. जिथे चार कोपरे भेटतात तिथे धागा आवळू नका. आधीच्या शिवणीवरून सैल तिरका टाका घेऊन पुढे जा, नाहीतर त्या जागी ब्लँकेटला खळी पडते. दर दोन चौकोनांनंतर शिवण हाताने थोडी ताणून बघा. विणलेलं कापड ताणलं जातं, शिवणीलाही तेवढं ताणता आलं पाहिजे.

कोणता चौकोन कुठे, हे शिवायच्या आधी ठरवा. साध्या रंगाच्या चादरीवर सगळे पसरा आणि मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. रंग गेले की गडद-फिक्याची ढिगारी कुठे झाली आहे ते चटकन दिसतं. सगळ्या चौकोनांचा फेरी बंद केल्याचा कोपरा एकाच दिशेला, खाली डावीकडे, ठेवा. हे कुणाच्या लक्षात येणार नाही, पण ठेवा.

कडेला तीन फेऱ्या मुक्या खांबांच्या पुरेत. दोन चौकोनांच्या सांध्यावर दोन्ही कोपऱ्यांच्या साखळ्यांत एकेक मुका खांब घालायचा, कोपऱ्यांत 1 मुका खांब, 2 साखळ्या, 1 मुका खांब. रुखवतातल्या रुमालांना घालतो तशी पिकोची (साखळीच्या बारीक टोकांची) किंवा झालरीची कड मला स्वतःला खूप आवडते, पण बाळाच्या पांघरुणाला ती लावू नका, बोटं अडकतात. मोती, बटणं, गोंडेही नकोत.

एक गोष्ट बहिणीला नक्की सांगा. असं ब्लँकेट पाऊण किलोचं, भरीव असतं. वर्षाच्या आतलं बाळ झोपलेलं असताना पाळण्यात सैल पांघरूण ठेवू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, ते नाका-तोंडावर जाऊ शकतं. हे बाळ जागं असताना जमिनीवर पसरायला, पालथं पडायला लागलं की त्याच्यासमोर अंथरायला, बाबागाडीत पायांवर घालायला आहे. आणि पालथं पडलेलं बाळ त्या दाण्यांवरून बोटं फिरवत बसतं, ते बघण्यासारखं असतं.

31 चौकोन उरले आहेत. हात बसला की एकाला तास पुरतो. रोज एक करा, दोन नको, मनगट आणि अंगठ्याचा सांधा दुखायला लागला की हात आवळतो आणि पुन्हा वाट्या होतात. धुताना गार पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपायचं आणि दोरीवर न टांगता सावलीत आडवं वाळवायचं. मशीनमध्ये घालायचं झालं तर उशीच्या अभ्र्यात बांधून. देताना प्रत्येक रंगाच्या लोकरीचा लिंबाएवढा गुंडा, लेबलासकट, एका पुरचुंडीत बांधून ब्लँकेटबरोबर द्या. पहिल्या वर्षात एखादा दाणा ओढला जातोच, तेव्हा तीच लोकर हाताशी हवी.